केळीच्या पानाची अर्धी गोष्ट

उमेळ्याच्या दिवाकर चुरींना बोलतं करणं सोपं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला ताक येईपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत नसे. वाढप्याने भात विचारला तर मान हलवायची, नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा, एवढ्यात त्यांचं भागायचं. त्यांच्या पत्नी वसुंधराबाई मात्र बोलक्या. त्या म्हणत, "लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हाही हे खालीच बघत होते. मला वाटलं, यांचं काही पडलंबिडलं की काय."

दिवाकरांची सगळी नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली. हुद्दा ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या सोडायच्या, नव्या बांधायच्या. ड्रेसर म्हणजे कोण, हे गावात समजावून सांगायला हवं होतं आणि नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. त्यामुळे अर्धं गाव त्यांना कंपाउंडर समजायचं आणि उरलेलं अर्धं शिंपी. एका चुलत मेहुण्याने तर त्यांच्याकडे पँट अल्टर करायला आणून दिली होती. दिवाकरांनी ती निमूटपणे नाक्यावरच्या शिंप्याकडे नेऊन दिली.

वॉर्डात त्यांचं न बोलणं कुणाला खुपत नसे. उघड्या जखमेवर बोलायचं नाही, थुंकीचे बारीक फवारे जखमेवर उडतात, हा तिथला नियमच होता. नवे डॉक्टर, नव्या सिस्टर तो नियम विसरत. दिवाकर कधी विसरले नाहीत. जगात बोललं नाही म्हणून शाबासकी मिळेल अशी ती एकच जागा होती आणि नशिबाने त्यांना तीच मिळाली होती.

निवृत्त होऊन ते घरी बसले तोवर घरची वाडी राहिली नव्हती. भावाभावांत वाटण्या झाल्या, आंब्याची कलमं गेली, तिथे आता सात मजले उभे आहेत. घरामागे केळीची चार बेटं तेवढी उरली. त्यांना पाणी घालून घालून किती घालणार? अशा वेळी माणिकपूरच्या डॉक्टर सुझान तुस्कानोंचा निरोप आला. त्या विद्यार्थिनी असताना दिवाकरांच्या वॉर्डात काम करून गेल्या होत्या. आता त्यांचं स्वतःचं लहानसं इस्पितळ होतं. "चुरीकाका, सकाळचे दोन तास माझ्या ड्रेसिंग रूममध्ये या. माझी मुलं पट्टी बांधतात, ती पेशंट रिक्षात बसेपर्यंत सुटते." दिवाकरांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून सायकल काढली.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मटिल्डा टीचर आल्या.

मटिल्डा टीचर जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नववीच्या वर्गात कोण कोण डॉक्टर होणार असं विचारलं की अर्धे हात वर जायचे, आणि डॉक्टर दिवसभर काय करतो असं विचारलं की सगळे हात खाली यायचे. इस्पितळात डॉक्टरखेरीज आणखी किती माणसं लागतात हे तर कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा टीचरांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं, शनिवारी शाळा सुटल्यावर नववीची काही मुलं इस्पितळात यायची. दोघं एक्सरेवाल्याकडे, दोघं रक्त तपासणाऱ्याकडे, दोघं औषधांच्या खिडकीत, दोघं सिस्टरांबरोबर. पेशंटची परवानगी घेऊन नुसतं बघायचं, विचारायचं, हात कशालाही लावायचा नाही. प्रत्येक जोडीला एक मेंटॉर.

"आणि दोघी तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाल्या.

"माझ्याकडे?" दिवाकरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्या संध्याकाळी घरी हसून हसून वसुंधराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मेंटॉर? मी हाक मारली तर तुमची ओ येईपर्यंत भाजी करपते. त्या पोरींना काय खुणेने शिकवणार?"

"मी नाहीच म्हणणार आहे उद्या," दिवाकर म्हणाले.

"नाही म्हणायला तोंड उघडावं लागेल," वसुंधराबाई म्हणाल्या.

ते काही उघडलं नाही. शनिवारी दोन मुली ड्रेसिंग रूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

एक अश्लेषा. तिचे वडील मूळचे साताऱ्याचे, मुंबईत बँकेत. घर वसई रोडला फ्लॅटमध्ये. ती डॉक्टर होणार हे तिच्या घरी ती तिसरीत असतानाच ठरलं होतं. दुसरी पूर्वी. सांडोरची, बागायतदाराची मुलगी. घरची केळीची वाडी, थोडा भाजीपाला. तिच्या घरात इस्पितळाशी कुणाचा संबंध आला असेल तर तो आजारी पडल्यावरच.

दिवाकरांनी पहिल्या शनिवारी त्यांना हात धुवायला शिकवलं. घड्याळ, बांगडी काढायची. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, अंगठा वेगळा, मग मनगट, मग कोपरापर्यंत. हात वर धरायचे म्हणजे पाणी कोपराकडून गळतं, बोटांकडे परत येत नाही. मग कशालाही शिवायचं नाही. दार खांद्याने लोटायचं. हे त्यांनी फारसं न बोलता, स्वतः करून दाखवलं. दुसऱ्या शनिवारी परत हात धुणं आणि कापसाचे बोळे वळणं. तिसऱ्या शनिवारी जाळीदार गॉज कापडाच्या घड्या घालून त्या ड्रममध्ये रचणं, म्हणजे त्या पत्र्याच्या गोल डब्यात, जो नंतर वाफेच्या मशीनमध्ये जातो.

"काका, ऑपरेशन कधी दाखवणार?" अश्लेषाने विचारलं.

दिवाकरांनी तिच्यापुढे गॉजचा आणखी एक गठ्ठा सरकवला.

"माझी मैत्रीण एक्सरेमध्ये आहे. तिने आज तुटलेली मांडी बघितली. लाइव्ह! आणि आम्ही इथे रुमाल घडी करतोय."

पूर्वीने घातलेल्या घड्या मात्र काठाला काठ जुळवून होत्या.

एकदा मधुमेहाने पायाला जखम झालेले एक आजोबा आले. मुलींना थांबू देऊ का, असं दिवाकरांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, राहू दे, नाहीतरी घरी कोण बघतंय. पट्टी सुटली तशी अश्लेषा दोन पावलं मागे सरकली आणि खिडकीबाहेरच्या रिक्षा बघू लागली. तेही साहजिकच होतं, दिवाकर स्वतः पहिल्या दिवशी वॉर्डाच्या जिन्यात जाऊन बसले होते. पूर्वी मात्र जखमेकडे एकदा बघून मग आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. आजोबांचे ओठ आवळले गेले तशी ती हळूच म्हणाली, "काका, त्यांना दुखतंय." आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, कारण उघड्या जखमेवर बोलायचं नाही हे दिवाकरांनी आधीच बजावलं होतं.

दिवाकरांनी हात हलका केला. एवढ्या वर्षांत त्यांनी पुष्कळ जण जखमेकडे बघताना पाहिले होते. पहिल्याच वेळी माणसाच्या तोंडाकडे बघणारे थोडे.

त्या दिवशी सायकलीशी पूर्वी त्यांच्या मागे आली. "काका, नर्सिंगला जायला बारावी सायन्सच लागतं ना?"

"हो."

"घरी अजून बोलले नाहीये. बाबा म्हणतात कॉमर्स घे, वाडीचा हिशेब बघ." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं."

दिवाकरांनी सायकलीची घंटी एकदा वाजवली. पण घरी जाताना उमेळ्याचा रस्ता कधी आला आणि कधी गेला हे त्यांना कळलं नाही.

पुढच्या शनिवारी ती गोष्ट घडली. ड्रेसिंग रूममध्ये कुणी पेशंट नव्हता. गॉज संपला होता, बोळेही वळून झाले होते. अश्लेषा कंटाळून म्हणाली, "काका, काहीतरी सांगा ना. तुमच्या वॉर्डातलं. काहीतरी थ्रिलिंग."

दिवाकरांपाशी सगळ्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी, समोर पूर्वी बसलेली होती म्हणून असेल, त्यांनी घसा साफ केला.

भाजलेल्या माणसाची पट्टी सोडणं म्हणजे काय असतं, ते सांगू लागले. गॉज जखमेला चिकटतो. ओढला की नवी येणारी साल त्याच्याबरोबर निघते. मोठमोठे पुरुष आईच्या नावाने ओरडतात. लहान मुलं तर आम्हाला ट्रे घेऊन येताना पाहूनच ओरडायला लागायची. मग वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी केळीचं पान वापरायचं ठरवलं. पान गार असतं, गुळगुळीत असतं, जखमेला चिकटत नाही. डॉक्टरांनी विचारलं, वॉर्डात वसईचं कोण आहे? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग आमच्या वाडीतली पानं मी न्यायला लागलो. आणि ज्या दिवशी पहिल्यांदा पान लावलेली पट्टी सोडली, त्या दिवशी एक छोटी मुलगी डोळे घट्ट मिटून बसली होती. मी पान उचललं. ती तशीच बसलेली. थोड्या वेळाने म्हणाली, सुरू करा ना. मी म्हटलं, झालं.

एवढं बोलून दिवाकर थांबले. अश्लेषाने टाळ्या वाजवल्या. पूर्वीचे डोळे चमकत होते. "आमच्याकडे तर वाडी भरून पानं आहेत," ती म्हणाली.

पुढचं सांगायचं राहिलं होतं. पण तेवढ्यात चहा आला, आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं कंटाळवाणं होतं. दिवाकरांसाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी चहाचा कप उचलला.

त्यानंतरच्या शनिवारी पूर्वी आली नाही. अश्लेषा म्हणाली, शाळेतही दोन दिवस नव्हती. दिवाकरांनी गॉजच्या घड्या घातल्या आणि दाराकडे बघत राहिले.

सोमवारी सकाळी पूर्वीचे वडील एका बाईंना धरून ड्रेसिंग रूममध्ये घेऊन आले. त्या पूर्वीच्या थोरल्या काकू, यशोदाकाकू. उजव्या हाताला फुलांचा रुमाल बांधलेला, हात मनगटापर्यंत टरारून सुजलेला, अंगात ताप. डॉक्टर सुझाननी रुमाल सोडला. आत केळीचं पान होतं, काळं पडलेलं, कडेने चिकाचे डाग. पानाखाली पू.

"तळणीचं तेल उडालं हो," काकू म्हणाल्या. "घरी जेवण होतं, वडे काढत होते."

"कधी?"

"झाले आठेक दिवस."

"आणि इतके दिवस हे असंच बांधून ठेवलंत? तुम्हाला साखर आहे ना? कुणी सांगितलं हे करायला?"

ताप असूनही काकूंच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. "आमच्या पूर्वीने केलं. पटकन गेली वाडीत, कोवळं पान काढून आणलं, ओढणीने पुसलं, कसं गार वाटलं म्हणून सांगू! शेजारणी बघायला आल्या. म्हणाली, काकू, उघडून बघायचं नाही. मग मी नाही उघडलं. ताप चढल्यापासून तर शाळा बुडवून माझ्याजवळच बसून होती. तुमच्याच इस्पितळात शिकते ना ती."

दिवाकर ट्रे हातात धरून उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि जखम धुवायला सलाईन काढलं.

जखम धुतली, इंजेक्शन दिलं, काकूंना दोन दिवस ठेवून घेतलं. हात वाचणार होता, बोटंही हलणार होती, वेळ लागणार होता एवढंच. दुसऱ्या संध्याकाळी दिवाकर डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, पानाची गोष्ट मी सांगितली होती. अर्धी सांगितली."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मटिल्डा टीचरचा फोन होता. पालक विचारायला लागलेत. या शनिवारी आपण बंद ठेवू."

"आणि पुढे?"

"काका, पोरीने चूक केली ती आपल्या घरातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून. आता ती शाळेत टीचरना सांगून आली, मी येणार नाही, मला हे जमायचं नाही. मोठ्या चुकीनंतर ती पळून गेली आणि आपण काही झालंच नाही असं समजून बाकीच्या मुलांना शिकवत बसलो, तर काय उपयोग? ती परत आली तर सुरू करू. नाही तर मला हे चालवावंसं वाटत नाही."

घरी वसुंधराबाईंनी दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बोललात त्याचं वाईट नाही वाटत मला. एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंत, आणि मधेच मिटलंत."

काकू घरी गेल्या. रोज ड्रेसिंग लागणार होतं. "मी सांडोरला जातो," दिवाकर डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांनी निर्जंतुक सामानाची बंद पाकिटं त्यांच्या पिशवीत घालून दिली.

पूर्वीचं घर वाडीच्या तोंडाशी होतं. पुढे पडवी, मागे मोरी, आणि मोरीच्या पायरीपासून केळी सुरू. पहिल्या दिवशी दिवाकरांनी मोरीत हात धुतले, पडवीत काकूंसमोर बसले, पट्टी सोडली, जखम साफ केली, पट्टी बांधली. पूर्वी दिसली नाही. निघताना तिच्या वडिलांनी चहा पुढे केला. गृहस्थ भले होते. "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमची चूक नाही. पोरीचं हे काम नव्हे, एवढं कळलं हे बरंच झालं. आता कॉमर्स घेईल, घरात राहील."

या ठिकाणी काहीतरी बोलायला हवं, हे दिवाकरांना कळत होतं. चहा संपेपर्यंत ते शब्द जुळवत होते. चहा संपला. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि सायकल काढली. वाटेत उमेळ्याच्या वळणावर त्यांना ते सगळं नीट सुचलं, पण तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. फक्त पडवीच्या दाराचा पडदा हलला आणि परत स्थिर झाला.

तिसऱ्या दिवशी काकूंनीच विषय काढला. पट्टीचा आतला थर जखमेला चिकटला होता, म्हणून दिवाकरांनी त्याच्यावर सलाईनने भिजवलेला गॉज ठेवला होता. तो थर सुटेपर्यंत बसून राहायचं होतं.

"भाऊ, तुम्ही असे गप्प बसता की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं," काकू म्हणाल्या. "आणि ती आत बसलीय तोंड पाडून. हात माझा भाजला, रडायचं मी, तर मला रडायला जागाच ठेवली नाही तिने. अहो, ते पान गार वाटलं होतं हे खरं ना? मग वाईट कशाने झालं?"

दिवाकरांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली दोन पावलं दिसत होती.

"पानाने नाही झालं," ते म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला. "ऐका. मी सांगतो सगळं."

आणि ते सांगू लागले. पानं मी पहाटे काढायचो. पण घरातून नेलेलं पान जसंच्या तसं कुणाच्या अंगाला लागत नसे. आधी ते वाहत्या पाण्यात धुवायचं, दोन्ही अंगांनी. किडकं, फाटलेलं, डाग असलेलं बाजूला टाकायचं. मग मधला दांडा कापून काढायचा, चीक पुसायचा. मग कणकेची खळ शिजवायची. पातळ झाली तर पान सुटतं, घट्ट झाली तर गोळे राहतात. ती खळ लावून पान पट्टीच्या कापडावर चिकटवायचं, सुरकुती पडू द्यायची नाही. मग सुकवायचं. मग गुंडाळी करून ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम वाफेच्या मशीनमध्ये घालायचा. मशीनमधून निघालं की त्याचा हिरवा रंग जायचा, तपकिरी व्हायचं. मग ते पान जखमेवर.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "एवढ्यात तर माझी पुरणपोळी होते."

"एकदा एक गुंडाळी माझ्या हातून खाली पडली. फरशी लखलखीत होती. मी पटकन उचलून ड्रममध्ये ठेवली. आमच्या मोठ्या सिस्टरने बघितलं. सगळा ड्रम रिकामा करायला लावला, सगळी पानं कचऱ्यात. सकाळपासूनचं काम. मी चिडलो, पण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून केलं."

"मग असं असताना पानाचं एवढं कौतुक कशाला करत बसलात?"

"तेच ना. पानाचं नव्हतंच काही."

पडदा बाजूला झाला. पूर्वी दारात उभी होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"नाही सांगितलं."

"का?"

दिवाकरांना खोटं बोलायची सवय नव्हती, कारण बोलायचीच नव्हती. "टाळ्या वाजल्या," ते म्हणाले. "मला वाटलं, इथेच थांबावं. पुढे नुसतं धुणं, पुसणं, शिजवणं. कोण ऐकणार?"

"मी ओढणीने पुसलं होतं," पूर्वी दारातूनच म्हणाली. "तुम्ही पहिल्या दिवसापासून हात धुवायला लावत होतात, आणि मी काकूला ओढणीने पुसलेलं पान बांधलं. तेवढंही मला आठवलं नाही. मला कसं जमणार?"

"मला ती गुंडाळी उचलली तेव्हा आठवलं होतं का?" दिवाकर म्हणाले. "नोकरीला लागून किती वर्षं झाली होती तेव्हा."

पूर्वीचे वडील अंगणातून पडवीच्या पायरीवर आले होते. हातात केळीचा घड, तो तसाच धरून ते उभे राहिले.

"ये गं," काकू म्हणाल्या. "पट्टीचं टोक धरायला भाऊंना माणूस लागतो. हात माझाच आहे, कुणाचा उसना आणलेला नाही. आणि तू नाही आलीस तर हा तुझा बाप येईल धरायला, तो तर कोंबडी कापतानाही डोळे मिटतो."

पूर्वी हसली नाही. एक पाऊल पुढे आली. मग काकूंच्या हाताकडे बघून थबकली, वळली, आणि भराभर आत निघून गेली. तिच्या पावलांचा आवाज घरातून मागच्या बाजूला गेला.

काकूंनी मान खाली घातली. दिवाकरांना वाटलं, सगळं सांगून झालं, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. गॉज पुरेसा भिजला होता. त्यांनी चिमट्याचं पाकीट फोडायला घेतलं.

तेवढ्यात मोरीतला नळ सुरू झाल्याचं ऐकू आलं.

नळ वाहत राहिला. भांडं घासायला लागतो त्याहून जास्त वेळ, पाय धुवायला लागतो त्याहून जास्त. मधेच फरशीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, बांगडी असावी. दिवाकर पाकीट हातात धरून ऐकत होते. बोटांच्या बेचक्या. नखांखाली. आता अंगठा. आता मनगट. त्यांचे स्वतःचे हात आपोआप तसे हलायला लागले होते.

नळ बंद झाला.

पूर्वी परत आली तेव्हा तिचे दोन्ही हात छातीच्या वर, बोटं आढ्याकडे, आणि कोपरातून पाणी टपटपत होतं. मधलं दार अर्धवट लोटलेलं होतं, ते तिने खांद्याने ढकललं. पडवीच्या वाटेत केळीचे घड ठेवलेले होते. तिच्या वडिलांनी हातातला घड खाली ठेवला, वाटेतले दोन घड पायाने बाजूला सारले आणि पडदा तिला शिवू नये म्हणून तो गोळा करून आपल्या मुठीत धरून भिंतीला टेकून उभे राहिले. ती त्यांच्या समोरून गेली.

ती दिवाकरांच्या शेजारी बसली. दिवाकरांनी तिला हातमोजे दिले, भिजलेला गॉज चिमट्याने उचलला आणि आतला थर अलगद सोडवला. तो सहज सुटला. जखमेच्या कडेने गुलाबी साल धरायला लागली होती. आठवड्याभरात पहिल्यांदाच. दिवाकरांना इतका आनंद झाला की ते काकूंना म्हणाले, "बघा, कडा कशा मस्त आल्यात, आता बघा आठ दिवसांत..."

"खरंच?" काकू पुढे वाकल्या. "अगं पूर्वी, बघ तरी..."

पूर्वीने पट्टीचं टोक धरलं होतं. नजर काकूंच्या चेहऱ्यावर होती. तिने तोंड बाजूला वळवलं आणि हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "काका. काकू. जखम उघडी आहे. बोलायचं नाही."

दिवाकर चुरींनी तोंड मिटलं.